विद्यापीठीय संशोधन आणि औषधधोरण : जड धातूंच्या प्रश्नाचा धडा

शासनाचे औषधविषयक धोरण कशाच्या आधारे ठरते, हा प्रश्न आपणा सर्वांना व्यवसाय करताना पडतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे एक उदाहरण अभ्यासासाठी घेतले आहे. ते आपणास सुखावणारे नाही. परंतु कटू औषधाप्रमाणे हितकर आहे.

अमेरिकेत हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित डॉ. रॉबर्ट सेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन परिसरातील किराणा दुकानांतून ७० आयुर्वेदीय उत्पादने विकत घेऊन तपासली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. हा निबंध डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, ऑक्टोबर २००५ मध्ये, भारत सरकारच्या आयुष विभागाने आदेश काढला आणि निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली.

या निबंधावर आपल्याकडे बरीच टीका झाली. धातूचे एकूण प्रमाण मोजले, त्याचे रासायनिक स्वरूप पाहिले नाही. शोधन-मारणाने सिद्ध झालेले भस्म आणि अशुद्ध धातू यांत भेद केला नाही, हे आक्षेप विचारार्ह आहेत. तथापि वनस्पतिज चूर्णात शिसे आढळल्यास या आक्षेपांचा आधार घेता येत नाही. तेथे धातू हा घटक नसून दूषण आहे. ते जमिनीतून, पाण्यातून वा यंत्रसामग्रीतून येऊ शकते.

२००८ मध्ये याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी रसौषधींचा स्वतंत्र विचार केला होता. रसौषधींपैकी सुमारे ४१ टक्के आणि इतर उत्पादनांपैकी सुमारे १७ टक्के नमुन्यांत धातू आढळले. औषधनिर्मात्यांनी विशेष ध्यानात घ्यावे की, धातू आढळलेल्या उत्पादनांपैकी ७५ टक्के उत्पादने उत्तम निर्मितिपद्धतीचा दावा करणारी होती. अमेरिकेत बनलेली आणि भारतात बनलेली उत्पादने यांत लक्षणीय फरक नव्हता.

यातून आम्हांस दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, शास्त्राची बाजू मांडण्यासाठी ग्रंथवचनासोबत मोजमाप हवे. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या भस्मपरीक्षा आपल्या आचार्यांच्या चिकित्सक दृष्टीचीच साक्ष देतात. त्यांना आधुनिक विश्लेषणाची व रुग्णांच्या यकृत-वृक्क तपासण्यांच्या नोंदींची जोड देणे, हे आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रबंधांचे विषय व्हावेत.

दुसरी गोष्ट आपल्या दारातली आहे. २००५ च्या आदेशातील सक्ती निर्यातीपुरती होती. परदेशातील रुग्णाला जे संरक्षण मिळाले, ते आपल्या गावातील रुग्णाला मिळण्यासाठी आदेशाची वाट का पाहावी? शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या वनस्पतिज औषधांसाठीच्या मर्यादा सर्वज्ञात आहेत. फार्मसीचालकांनी प्रत्येक बॅचचा अहवाल जपावा. वैद्यांनी औषध घेताना तो मागावा आणि रुग्णपत्रिकेत बॅच क्रमांक लिहावा.

उद्याचे धोरण ठरविताना आपल्या नोंदी पुढे असतील, तरच आपले म्हणणे ऐकले जाईल.