महामार्ग आणि गव्हाणी घुबड

गोंदिया जिल्हा धानाचा. आणि जेथे धान, तेथे उंदीर ओघानेच आले. बांध्यांतील व कोठारांतील त्यांची नासाडी बिनपगारी रोखणारा राखणदार म्हणजे गव्हाणी घुबड. एक पक्षी एका रात्रीत तीन-चार उंदीर सहज टिपतो. त्याला अशुभ मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हे घुबड शिकार करते ती डोळ्यांपेक्षा कानांच्या बळावर. त्याच्या कानांची छिद्रे समपातळीत नसतात. एक किंचित वर, दुसरे खाली. त्यामुळे आवाजाची केवळ दिशाच नव्हे, तर त्याची उंचीही त्याला मिट्ट काळोखात कळते. गवतातील बारीकशी खसखस, एवढीच त्याची खूण. वाहनांच्या घरघरीत नेमकी तीच बुडून जाते. जपानच्या होक्काइदो बेटावरील वन्य घुबडांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात रहदारीच्या आवाजाचा हा परिणाम रस्त्यापासून १२० मीटरांपलीकडेही जाणवल्याचे दिसून आले. म्हणजे रस्त्याची रुंदी कागदावर काही असो, घुबडाच्या लेखी तो त्याहून कितीतरी पट रुंद असतो.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहावा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६, साकोली ते देवरी या टप्प्यात नवेगाव व नागझिरा या वनांच्या मधून जातो. २०१३ साली घोषित झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचेच हे दोन भाग होत. मालमोटारींची ये-जा येथे रात्रीही थांबत नाही.

विचित्र गोष्ट अशी, की जो रस्ता घुबडाची शिकार हिरावतो, तोच त्याला बोलावतोही. पोत्यांतून सांडलेले दाणे व कडेचे गवत यांवर उंदीर येतात, उंदरांमागे घुबड येते. ते जमिनीलगत उडत असल्याने भरधाव वाहन चुकविण्यास त्यास अवधी मिळत नाही. श्वापदांसाठी बांधलेला भुयारी मार्ग येथे निरुपयोगी ठरतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच, दाट झाडोरा असल्यास पक्ष्याला वाहनांच्या वरून उडणे भाग पडते. ब्रिटनमधील घुबड-संरक्षकांनी हाच उपाय सुचविला आहे. ग्रामपंचायतींना करता येण्याजोगे काम याहून सोपे आहे. रस्त्यावर धानाची मळणी वा वाळवण होऊ देऊ नये, आणि बांध्यांत पक्षिथांबे उभारावयाचे ते रस्त्यापासून दूर उभारावेत.

जखमी घुबड आढळल्यास त्यावर कापड टाकून ते हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. वन विभागास १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घुबड घरी बाळगणे हा गुन्हा आहे.