भूलशास्त्राच्या शिक्षणापूर्वी परिचारिकेचा स्वाध्याय

शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना होऊ नयेत म्हणून रुग्णास भूल देतात. पूर्ण भूल दिलेला रुग्ण आपली पीडा सांगू शकत नाही. नाडी, श्वास, रक्तदाब व त्वचेचा रंग यांवरून ती दुसऱ्याने ओळखावयाची असते. अमेरिकेतील मेयो बंधूंच्या रुग्णालयात काम करणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक भूलप्रयोगांचा वृत्तान्त १९०६ साली प्रसिद्ध केला. त्या देशात भूल देणाऱ्या परिचारिकांचा स्वतंत्र व्यवसाय असून, त्याच्या शिक्षणासाठी अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. भारतात भूल देण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे. परिचारिका त्यांस साहाय्य करते. तथापि दोन्हीकडे लागणारे पायाभूत ज्ञान एकच आहे.

या ज्ञानाचा आरंभ औषधांच्या नावांपासून न करता वायूंच्या गुणधर्मांपासून करावा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात वितळलेल्या लोखंडातील कार्बन जाळण्यास शुद्ध प्राणवायू वापरतात. २०२१ च्या साथीत याच कारखान्याने रुग्णांसाठी द्रवरूप प्राणवायू पाठविला. रुग्णालयातील सिलिंडरमध्ये मात्र प्राणवायू दाबलेल्या वायूच्या रूपातच असतो. कारण उणे ११८ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून बॉइलच्या नियमानुसार, त्याचा दाब निम्मा झाला की साठाही निम्मा उरला असे समजावे.

उदाहरणार्थ, ४.७ लिटर धारणशक्तीच्या सिलिंडरवर १०० बार दाब दिसत असेल, तर त्यात सुमारे ४७० लिटर प्राणवायू आहे. मिनिटास ५ लिटर या वेगाने तो ९४ मिनिटे पुरेल. दाब ५० बार असेल, तर तो ४७ मिनिटांतच संपेल. तासाभराच्या शस्त्रक्रियेसाठी असा सिलिंडर अपुरा आहे, हे साध्या भागाकाराने आधीच कळते.

नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. भिलाईच्या सिविक सेंटरमधील उपाहारगृहातला स्वयंपाकी गॅस किती उरला हे ज्योतीवरून ठरवीत नाही. सिलिंडर उचलून पाहतो. आतील इंधन द्रवरूप असल्याने, तो द्रव असेपर्यंत दाब फारसा उतरत नाही. नायट्रस ऑक्साइडही २० अंशांना द्रवरूप असतो व दाबमापक सुमारे ५१ बार दाखवितो. सिलिंडर भरलेला असो वा थोडाच द्रव उरलेला असो, काटा जवळजवळ तेथेच राहतो. द्रव संपल्यावर मात्र तो झपाट्याने खाली येतो. शिवाय ३६.५ अंशांच्या वर हा पदार्थ द्रवरूपात राहूच शकत नाही. भिलाईच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या सिलिंडरच्या काट्यावर विसंबणे अधिकच चुकीचे ठरते. सिलिंडरचे वजन करून, त्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा करणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

दुसरा पाठ औषधांच्या प्रमाणाचा. दोन टक्के द्रावण म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, अर्थात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. म्हणून ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध जाते. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दसपट होते. यास्तव प्रत्येक गणित उलट करून पडताळून पाहावे.

स्वाध्यायासाठी रोज एकच विषय घ्यावा, त्यावर दोन उदाहरणे सोडवावीत आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या अनुमतीने शस्त्रक्रियागृहातील उपकरणाशी ती ताडून पाहावीत. जे पुस्तकात समजले, ते उपकरणावर ओळखता आले, म्हणजेच तो पाठ पुरा झाला. भूल दिलेल्या रुग्णास स्वतःचे रक्षण करता येत नाही; त्याच्या जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीच्या अचूक ज्ञानावरच त्याचा श्वास अवलंबून असतो.