टॅबचा ताप : कारणे आणि काळजी

आपल्या निवासी शाळेत पूर्वी विद्यार्थी दाखल होताना वळकटी, पत्र्याची पेटी, ताट-वाटी आणि तांब्या एवढेच साहित्य घेऊन येत असे. आज त्या पेटीत बहुधा एक टॅबही असतो. कोणाला तो एखाद्या शासकीय योजनेतून मिळालेला असतो, कोणाला मामाने किंवा मोठ्या भावाने आपला जुना दिलेला असतो, तर कोणाच्या आईवडिलांनी कापूस विकून अथवा हप्त्यांनी तो घेतलेला असतो. कोणत्याही वाटेने आलेला असला, तरी त्या घरात तो एकच असतो आणि बिघडला तर लवकर दुसरा येत नाही. म्हणून गतकाळाच्या आठवणींबरोबरच या रोजच्या, साध्या वाटणाऱ्या प्रश्नाविषयी या स्मरणिकेत लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

इतिहास शिकविणाऱ्याने उपकरणाच्या उष्णतेत लक्ष का घालावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, इतिहास हा अखेर कारणांचा शोध आहे. आणि कारणाशिवाय कार्य घडत नाही, हा विचार तर तथागतांनी धम्माच्या केंद्रस्थानी ठेवला. टॅब तापतो, त्यालाही कारणे आहेत. ती समजून घेतली नाहीत, तर आपण दोष भलत्याच ठिकाणी देतो.

असा दोष दिलेला आम्ही वारंवार पाहिला आहे. रविवारी भेटीला आलेले पालक मुलाचा टॅब हातात घेतात, तो कढत लागतो आणि लगेच निष्कर्ष निघतो की, पोराने रात्रभर खेळ खेळला. खेळाने टॅब तापतो हे खरे. परंतु तासभराची चित्रफीत पाहिल्यानेही तो तापतो, ऑनलाइन तासिकेत कॅमेरा सुरू असला तरी तापतो आणि एखादा जाडजूड ग्रंथ पीडीएफ स्वरूपात वाचल्यानेही तापतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आमचे विद्यार्थी टॅबवर वाचतात. या खंडांच्या ज्या प्रती छापील पानांची छायाचित्रे घेऊन तयार झालेल्या आहेत, त्यांतील प्रत्येक पान हे अक्षरांचे नसून चित्राचे असते. पान उलटताना, लहान-मोठे करताना टॅबला ते चित्र पुन्हा पुन्हा उलगडावे लागते. तेव्हा गरम टॅब हा मुलाच्या अपराधाचा पुरावा नव्हे. कदाचित तो त्या दिवशी जातिसंस्थेवरील निबंध वाचत बसला असेल.

आता मूळ कारणाकडे वळू. टॅब जेवढी वीज वापरतो, तिचा थोडा भाग पडद्याच्या उजेडाच्या आणि आवाजाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेल्या सगळ्या विजेची अखेरीस उष्णता होते. ती मुख्यतः तीन ठिकाणी निर्माण होते. गणनेचे काम करणारा प्रोसेसर, मोठा उजळ पडदा आणि बॅटरी ही ती ठिकाणे होत. चित्रफीत चालू असताना टॅबला लागणारी वीज चार-पाच वॅट, म्हणजे एखाद्या लहान एलईडी दिव्याइतकीच असते. एवढीशी उष्णता त्रास का देते? कारण संगणकात असतो तसा पंखा टॅबमध्ये नसतो. आतली उष्णता धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाठीवर येते आणि तेथून केवळ बाहेरच्या हवेच्या भरवशावर निघून जाते. पाठ झाकली, किंवा बाहेरची हवाच तापलेली असली, म्हणजे ही वाट बंद होते.

विदर्भातील आपल्या सर्वांची अडचण नेमकी येथेच आहे. अॅपल कंपनी आपला आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या जागेत वापरावा असे सांगते. इतर अनेक कंपन्यांचे टॅबही साधारण याच मर्यादेत बसतात. आणि नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो, हे कोणाला सांगायला नको. म्हणजे आपल्याकडे दुपारच्या वेळी सावलीतली हवाच मर्यादेच्या पलीकडे गेलेली असते. टिनाच्या छपराखालची खोली तर त्याहून वाईट, कारण तापलेला पत्रा वरून उष्णता फेकत राहतो. ही यंत्रे थंड हवेच्या किंवा वातानुकूलित खोल्यांच्या कल्पनेने घडविलेली आहेत. आमच्या वर्गखोल्यांची कल्पना ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, असे म्हणण्यास हरकत नाही. टॅब वाटण्याच्या योजना आखणाऱ्यांनी त्याबरोबर छपराचाही विचार करावयास हवा होता. टॅबच्या किमतीपेक्षा छपराखाली घालावयाच्या आच्छादनाचा खर्च काही फार मोठा नसतो आणि त्याचा लाभ पुढे प्रत्येक तुकडीला होतो.

या बाबतीत आमचे पूर्वज अधिक शहाणे होते. सहलीत कान्हेरी पाहिलेल्या माजी विद्यार्थ्यांस स्मरत असेल, भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या ओसरीच्या मागे, खडकाच्या पोटात आहेत आणि ठिकठिकाणी पाण्याच्या पोढी कोरलेल्या आहेत. ऊन ओसरीवरच थांबते, आत येत नाही. अभ्यासाची जागा निवडताना हाच नियम लावावा. खिडकीच्या गजांशी बसून टॅब उघडला की त्याच्यावर दुहेरी आघात होतो. एक तर ऊन त्याच्या काळ्या पडद्यावर थेट पडते. आणि उन्हात अक्षरे दिसावीत म्हणून पडदा आपोआप आपला उजेड पूर्ण वाढवितो, म्हणजे आतली उष्णताही वाढते. दोन हात आत सरकून सावलीत बसले आणि पडद्याचा उजेड डोळ्यांना पुरेल इतका कमी केला, तर अर्धे काम तेथेच होते. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, त्यामागचा विचार टॅबलाही लागू आहे. जे जड काम आहे, जसे चित्रफिती पाहणे अथवा ग्रंथ उतरवून घेणे, ते सकाळी नऊच्या आत उरकावे. दुपारी वही-पुस्तक बरे.

पंख्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते मुख्यतः आपल्या अंगावरचा घाम वाळतो म्हणून. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. टॅबला घाम येत नाही. पंखा त्याच्या पाठीवरची गरम हवा हलवून तिच्या जागी खोलीतली हवा आणतो, एवढेच. खोलीची हवा ३० अंश असेल तर याचा चांगला उपयोग होतो. ती ४३ अंश असेल तर फारसा होत नाही. कूलरचे वारे अधिक गार असते, परंतु त्याच्या तोंडाशी टॅब धरू नये. त्या वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार येतात आणि चार्जिंगच्या खाचेत ओल शिरते.

पाठ मोकळी राहणे सर्वांत महत्त्वाचे. गोधडी माणसाला ऊब देते ती स्वतः उष्णता निर्माण करून नव्हे. अंगातून निघणारी उष्णता ती अडवून धरते. गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या शालीवर ठेवलेल्या टॅबचेही हेच होते. त्याला टेबलावर, शक्यतो उभा तिरपा टेकवून ठेवावा, म्हणजे मागून हवा खेळते. जाड रबरी आवरण पडण्यापासून वाचविते, म्हणून ते नकोच असे आम्ही म्हणत नाही. मात्र चार्जिंग करताना ते काढून ठेवावे.

चार्जिंगचा विषय थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण खरा धोका तेथे आहे. या बॅटऱ्या लिथियम-आयन प्रकारच्या असतात. १९९१ साली त्या प्रथम बाजारात आल्या आणि त्या घडविणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणे हा त्यांचा गुण; उष्णता सहन न होणे हा त्यांचा दोष. चार्जिंग होताना बॅटरी स्वतःच तापते. त्याच वेळी टॅबवर चित्रफीत चालविली तर दोन्ही उष्णता एकत्र येतात. म्हणून चार्जिंगला लावलेला टॅब वापरू नये, हा आमच्या वसतिगृहाचा पहिला नियम असावा. शंभर टक्के भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, म्हणून रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत भरणे पुरेसे आहे. अनेक नव्या टॅबमध्ये तेथेच थांबण्याची सोय असते, ती सुरू करावी. चार्जर टॅबसोबत आलेला अथवा त्याच्या क्षमतेचा, प्रमाणित असावा. बसस्थानकावर शंभर रुपयांत मिळणारा चार्जर शेवटी महाग पडतो.

दिवे मालवल्यानंतर पांघरुणात टॅब घेऊन वाचणारी मुले प्रत्येक वसतिगृहात असतात. दहावी-बारावीच्या वर्षी तर हमखास असतात. वाचता वाचता झोप लागते, टॅब उशीखाली जातो आणि पुष्कळदा चार्जरची तार जोडलेलीच असते. कापसाच्या उशीखाली, चार्जिंग सुरू असलेली बॅटरी, आणि शेजारी ओळीने झोपलेली चाळीस मुले! याहून धोक्याची मांडणी शोधून सापडणार नाही. तथापि यावर उपाय म्हणून झडती घेऊन टॅब जप्त करणे आम्हांस मान्य नाही. जो मुलगा रात्री चोरून अभ्यास करतो, त्याला अभ्यासाला उजेडाची जागा द्यावयास हवी. एक खोली रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी, तेथे टेबले असावीत, एक शिक्षक बसावा. आणि झोपण्याच्या खोलीत मात्र चार्जिंगचे बटणच नसावे.

टॅब एकत्र चार्ज करण्यासाठी महागडे कपाट लागत नाही. एकावर एक रचून ठेवलेले टॅब परस्परांना तापवितात. त्याऐवजी स्वयंपाकघरात ताटे उभी ठेवण्याचे स्टीलचे ताटाळे असते ना, ते घ्यावे. त्यात टॅब ताटांसारखे उभे राहतात, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी हवा जाते. मात्र त्याच्या कडा ज्या ठिकाणी पडद्याला लागतात तेथे कापडाची पट्टी गुंडाळावी आणि ते उघड्या, फरशीच्या जागी ठेवावे, पडद्यांजवळ किंवा वह्यांच्या गठ्ठ्याजवळ नव्हे.

इंटरनेटचे संकेत क्षीण असले तर टॅबचा प्रसारक अधिक जोर लावतो आणि तापतो. गावाबाहेरच्या वसतिगृहांत हे नित्याचे आहे. सिमकार्डावर धडपडण्यापेक्षा शाळेच्या वायफायवर ग्रंथ किंवा धडा एकदाच उतरवून घ्यावा आणि मग विमान-स्थिती सुरू करून वाचावा. जाडजूड पीडीएफमधले हवे तेवढेच प्रकरण वेगळे करून घेतले तर टॅबवरचा भार आणखी हलका होतो.

एवढे करूनही टॅब फार तापला, तर तो आपणहून काही सूचना देतो. पडदा मंद होतो, काम संथ होते, चार्जिंग थांबते; कधी तापमानाचा इशारा देऊन तो बंदच होतो. हा बिघाड नसून स्वतःला वाचविण्याची त्याची व्यवस्था आहे. अशा वेळी चार्जर काढावा, आवरण काढावे, टॅब बंद करून सावलीत फरशीवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, ओल्या फडक्यात गुंडाळू नये, माठाला टेकवू नये. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात. तसेच अचानक गार झालेल्या टॅबच्या आतही जमू शकतात, आणि तो पुसायला तेथे हात पोहोचत नाही.

टॅबची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा एका कडेने उचललेला दिसला, तर मात्र विचार करीत बसू नये. ती फुगलेली बॅटरी आहे. तिला दाबून बसविण्याचा, टाचणीने हवा काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तसे केल्यास आग लागू शकते. असा टॅब पुन्हा चार्जिंगला न लावता मुलांपासून दूर फरशीवर ठेवावा आणि जाणकार दुरुस्तीकाराकडे द्यावा. कचऱ्याच्या ढिगावर टाकू नये; तेथून तो उचलणारी मुलेही आपलीच असतात.

उन्हाळी सुटीत शाळेचे टॅब लोखंडी कपाटात बंद होतात. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला, टिनाखाली असेल तर आत भट्टीच असते. टॅब साधारण निम्मे भरून, बंद करून, इमारतीतील सर्वांत गार खोलीत ठेवावेत. पूर्ण भरून ठेवले तर बॅटरी झिजते आणि पूर्ण रिकामे ठेवले तर जूनमध्ये काही टॅब उघडतच नाहीत.

अखेरीस माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. आपण जुने टॅब शाळेला देता, ते आम्ही कृतज्ञतेने स्वीकारतो. देण्यापूर्वी तो टॅब टेबलावर पालथा ठेवून पाहावा, म्हणजे पाठ सपाट आहे की फुगली आहे ते कळते. नंतर अर्धा तास चित्रफीत चालवावी आणि बॅटरी किती उतरली ते पाहावे. फार उतरत असेल तर बॅटरी बदलून द्यावी, किंवा ते शक्य नसल्यास तसे चिठ्ठीवर लिहून टॅबला चिकटवावे. मूळ चार्जर असेल तर तोही पाठवावा, आणि पार्सल मेमध्ये न पाठवता जूनच्या अखेरीस, शाळा उघडल्यावर पाठवावे.