चैत्रातला वळीव आणि डोंगरावरची यात्रा

चैत्र लागला की कोल्हापूर-सातारा भागात दुपारी ऊन भाजून काढतं आणि चारच्या सुमारास सह्याद्रीकडून ढग चढतात. मग वळवाची एखादी सर, कधी गारा आणि संध्याकाळी बोचरा वारा. हा पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. गाव कोरडं असताना डोंगरावर मात्र झोडपून काढतो. उंचीमुळे गारवाही वाढतो, कारण हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. नेमक्या याच दिवसांत जोतिबाची यात्रा भरते आणि शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाट चढतात.

यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दमा असणाऱ्यांची. वादळात परागकण ओल धरून फुटतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण श्वासनलिकांत खोलवर जातात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशाच वादळानंतर हजारो लोकांना धाप लागली आणि दहा जण दगावले. धाप लागलेल्यांपैकी अनेकांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकही नव्हतं. जोतिबावर तर हवेत गुलाल भरलेला असतो. त्यामुळे नाकातोंडावर रुमाल बांधा, गर्दीच्या कडेने चाला आणि दम्याचा पंप (इनहेलर) पिशवीत तळाशी न ठेवता खिशात ठेवा. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने रोजचा पंप बंद करणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. कृपा करून असं करू नका. रोजच्या पंपाने श्वासनलिकांची सूज आटोक्यात राहते, म्हणूनच अचानक झटका येण्याचा धोका कमी होतो. धाप लागलीच तर आडवं न होता ताठ बसा. झटक्यासाठी दिलेल्या पंपाचे चार पफ स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, एकेक करून घ्या. आराम पडत नसेल, सलग वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन लावा आणि वाट पाहताना पफ चालू ठेवा.

विजेचं भय तितकंच खरं आहे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. जोतिबाच्या यात्रेत नाचवायची उंच काठी, म्हणजे सासनकाठी, तेव्हा लगेच आडवी करा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही. त्याचा श्वास थांबला असेल तर १०८ ला कळवून लगेच छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने दाब द्यायला लागा. अशी माणसं वाचतात.

पावसात भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. पण ओल्या कपड्यांवर वारा लागला की लहान मुलं आणि म्हातारी माणसं पटकन गारठतात, म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड सोबत असू द्या. गारव्याने रक्तदाबही वाढतो, त्यामुळे यात्रेच्या गडबडीत गोळी चुकवू नका. प्यायचं पाणी घरून उकळून न्या.

घरी परतल्यावर अंगणातले टायर, कुंड्यांच्या ताटल्या आणि उघडे डबे रिकामे करा. डेंग्यूच्या डासांची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि वळवाचं पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.