परसातील अळू

मोरीचे पाणी परसात जेथे उतरते, तेथे अळवाचा वाफा असावयाचा, ही कोकणातील घरांची जुनी रीत होय. जेथे इतर भाज्यांची मुळे कुजून जातील, अशा ओलाव्यात अळू सुपाएवढी पाने उभारते. आता मात्र मोरीतून साबणाचे व धुण्याच्या पुडीचे पाणी वाहते. ते अळवास न देता तांदूळ आणि भाज्या धुतल्याचे पाणी द्यावे. डबके साचू देऊ नये, नाहीतर अळवाआधी डासांचेच पीक येते.

अळवाच्या पानावर पडलेला थेंब मोत्यासारखा गडगडत जातो. पान कोरडे ते कोरडेच. पानावरील अतिसूक्ष्म उंचवटे व त्यांवरचा मेणाचा लेप यांमुळे पाण्यास चिकटावयास जागाच उरत नाही. क्षणभंगुर गोष्टीस ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात, ते यावरूनच.

ज्येष्ठातला पाऊस जमिनीत मुरला, की शेणखत मिसळलेल्या मातीत दीड-दोन फुटांवर कंद लावतात. झाडाखालची विरळ सावलीही अळवास मानवते. पाने मोठी झाली, की बाहेरची देठांसह कापावी. मधली गुंडाळलेली कोवळी पाने राखावी, म्हणजे वाफा पुनःपुन्हा भरतो. काळ्या देठाचे अळू वड्यांसाठी, हिरव्या देठाचे फतफत्यासाठी, असा सुगरणींचा निवाडा आहे. ओढ्याकाठी आपोआप उगवणारे तेरे, म्हणजे रानअळू, अधिक खाजरे असते. ते जाणत्यास दाखविल्यावाचून घरी आणू नये.

ही खाज येते कोठून? पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात. ते त्वचेस आणि घशास बोचतात. म्हणून अळू कच्चे कधीही खात नाहीत. चिरताना हातास तेल लावतात आणि चिंच, आमसूल किंवा ताक घालून ते पुरते शिजवितात. स्वयंपाकात घाई झाली असेल, तर तिची चुगली घसा केल्यावाचून राहत नाही.

अळवाचा खरा शत्रू म्हणजे करपा. झडीच्या दिवसांत पानावर तपकिरी, पाणचट ठिपके पडतात, ते पसरतात आणि चार-सहा दिवसांत पान गळून जाते. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर अळवाचा कंद हे लोकांचे रोजचे अन्न. तेथील शेतकरी परदेशी बाजारात खपणारी बहुतांशी एकच जात लावीत. १९९३ साली करपा आला आणि ती जात त्यास मुळीच तोंड देऊ शकली नाही. शेतेच्या शेते उजाड झाली. परदेशी जाणारा माल जवळजवळ थांबला. पुढे शास्त्रज्ञांनी व शेतकऱ्यांनी मिळून आशियातील अळवांशी संकर केले आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर करप्यास दाद न देणाऱ्या जाती तेथे रुजल्या.

आपल्या परसात ठिपक्यांचे पान दिसताच ते देठासह कापून दूर पुरावे किंवा जाळावे, रोपे विरळ करावी व पाणी पानांवर न ओतता मुळाशी सोडावे. अळवाचे कंद शेजारीपाजारी मागून आणण्याची चाल आहे, आणि त्यामुळे गावात निरनिराळ्या जाती टिकून राहतात. मात्र करपा पडलेल्या वाफ्यातला कंद, मग तो कितीही पुष्ट दिसो, कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये.