बातमीबंदीचा तक्ता असा करा

सेवाग्राममधल्या एका उपवासाची बातमी इंग्रज सरकारने कायद्याने कशी दाबली, ते आज आपण कागदावर उमटवू. लांब कागद, पेन्सिल, दोन रंगांची पेनं आणि १९४२-४३च्या दैनिकांच्या छायाप्रती घ्या. दोघं-तिघं मिळून बसा.

१. कागदावर आडवी रेघ ओढा.

२. डाव्या टोकाला ‘१६ ऑगस्ट १९४२ : आष्टी, चिमूर’ लिहा. ‘भारत छोडो’ आंदोलनात या दोन गावांत उठाव झाला तो हा दिवस. आष्टी आपल्या वर्धा जिल्ह्यातली, चिमूर चंद्रपूर जिल्ह्यातलं. गल्लत नको!

३. ११ नोव्हेंबरला खूण करा. उठावानंतर चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भणसाळींनी धरलेला उपवास इथून मोजायचा.

४. १२ जानेवारी १९४३ला दुसरी खूण करा. उपवास इथे सुटला.

५. दोन्ही खुणांचे दिवस धरून दर दिवसाचा एक चौकोन आखा. ६३ भरायला हवेत. ६२ आले तर पहिला दिवस मोजायचा राहिला.

६. आता रोजचा अंक उघडून बातमी शोधा. घाई अजिबात करू नका, सगळं काम याच पायरीत आहे. बातमी सापडली तर चौकोन रंगवा, नाहीतर कोरा सोडा. ‘भन्साळी’ असंही छापलेलं असेल, आतली पानंही बघा. अंकच गहाळ असेल तर ‘अंक नाही’ लिहा. त्याला बंदी समजू नका. चौकशी मागणाऱ्याची बातमीच छापू दिली नाही, तर बाकीच्यांनी सरकारला जाब विचारायचा कशाच्या आधारावर? म्हणून कोरे चौकोन जपून मोजा.

७. ६ जानेवारी दुसऱ्या रंगाने रंगवा. बंदीच्या निषेधार्थ त्या दिवशी अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. तेव्हा अंक मिळाला नाही म्हणून ग्रंथपालांशी भांडू नका!

८. आष्टी-चिमूरच्या घरांतल्या आठवणी ऐकून लिहा. ‘असंच झालं ना?’ असं विचारून उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. पीडित स्त्रियांची नावं तक्त्यावर कधीच नकोत.

९. मूळ बंदी आदेश शोधायला नागपूरच्या पुराभिलेखागारात जा. तारखा सोबत न्या, नाहीतर नुसते गठ्ठे उपसत बसाल.

१०. छापील मजकुरावर सरकार आजही बंदी घालू शकतं, म्हणून उजव्या टोकाला ‘आज’ असा रकाना आखा. राज्य सरकारने एखादं पुस्तक सरकारजमा केलं, तर अधिसूचनेतली कारणं इथे उतरवा. कारणं देणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

११. राजपत्रातली तारीख ठळक लिहा. पुस्तकाशी हितसंबंध असलेल्या कुणालाही उच्च न्यायालयात दाद मागता येते. वर्धेकरांसाठी ते नागपूर खंडपीठ. त्या तारखेपासून मुदत दोनच महिन्यांची आहे, तेव्हा वकिलांना त्याच आठवड्यात गाठा.