प्रसादाचा शोध आणि प्रेमाचे दान

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे बिजे केल्यानंतर असन्निधानीच्या साधकास स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार साधनांचा आधार राहिला. श्रीमूर्तीच्या संबंधाने पावन झालेली वस्तू म्हणजे प्रसाद. असा प्रसाद कोठे आहे, तो खरोखर संबंधी आहे काय, याचा शोध साधक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. तो उचितच आहे. परंतु शोधाअंती हाती काय यावे, याचा विचार क्वचितच होतो.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन शेजारी तालुके येथे दृष्टान्तास उपयोगी पडतात. जुन्नरजवळ कुकडीच्या खोऱ्यात लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात कातळातून कोरलेला स्तूप आहे. स्तूप हे मुळात बुद्धाच्या अवशेषांचे स्मारक. सुमारे अठराशे वर्षांनंतरही तो पाषाण उभा आहे. पण त्यास वंदन करणारा भिक्षुसंघ तेथून केव्हाच गेला आणि शेजारच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे दर्शन घडते. आंबेगावची गोष्ट उलट आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे. तरी नाव आंबेगावच चालते. एकीकडे पाषाण राहिला, त्याची उपासना खंडली. दुसरीकडे भूमी बुडाली, नाव राहिले.

दार्ष्टान्तिक असे. वस्तूचे टिकणे वेगळे आणि स्मरणाचे टिकणे वेगळे. सराळ्याचे म्हाइंभट विद्येच्या अभिमानाने वादासाठी आले आणि शरण गेले. पुढे भटोबासांच्या आश्रयाने त्यांनी लीळांचा शोध आरंभिला. ज्यांनी लीळा पाहिल्या, अनुभवल्या, त्यांना पुसून पुसून त्यांनी ऋद्धिपुरी लीळाचरित्र सिद्ध केले. परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. त्या वेळी हिराइसांच्या मुखी असलेला पाठ उपयोगी पडला. कागद गेला, स्मरण उरले. आणि स्मरणातून पोथी पुन्हा उभी राहिली. जे ग्रंथाचे झाले, तेच स्थानाचे व प्रसादाचेही होऊ शकते. म्हणूनच पूर्वाचार्यांनी स्थानपोथीत स्थाने दिशा-अंतरांसह नोंदवून ठेवली.

येथे एक शंका येते. स्मरणच श्रेष्ठ, तर प्रसाद कशासाठी? उत्तर असे की, प्रसाद हा स्मरणाचा निमित्तधारक आहे. संबंधी पाषाण मस्तकी लावताना तो कोणत्या लीळेचा, हे ज्याने पुसले नाही, त्याच्या हाती केवळ पाषाण आला. ज्याने पुसले, त्याच्या मनी नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण उभे राहिले. शोधाचे फळ येथे आहे.

तरीही स्मरणाने प्रेम विकत मिळत नाही. प्रेम हे परमेश्वराचे दान आहे. साधकाच्या हाती केवळ योग्यता संपादणे आहे. शोधाची तळमळ, न सापडल्याचे दुःख आणि सापडल्यावर दाटून येणारा विरह ही त्या योग्यतेची पायरी होय. म्हणून साधकाने प्रसादवंदन करताना जाणत्या भिक्षुकास त्याची लीळा अवश्य पुसावी, आणि पुसलेली लीळा मुखी धरावी.

दंडवत प्रणाम.